बीपीची गोळी आणि खानदेशातला मे महिना

या वेळी टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन या बीपीच्या दोन गोळ्यांविषयी इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. डोस वाढवणं, कमी करणं किंवा बदलणं हे मात्र पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांचंच काम, हे धरूनच उत्तरं वाचा.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. अमळनेरजवळ शेती आहे. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी रोज सकाळी घेतात. उन्हाळा तापल्यापासून बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्या मशीनवर एकदा १०४/६६ आलं. तेव्हापासून त्यांनी गोळी बंद केली. आता बरं वाटतं, पाऊस पडला की सुरू करू म्हणतात. चालेल का?

उत्तर : असं परस्पर बंद करू नये. पण अंधारी येते म्हणतात ते खरं आहे, तेही डॉक्टरांच्या कानावर गेलं पाहिजे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ वर गेला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि घामावाटे पाणी व मीठ जातं. बीपी तेवढ्यानंच थोडं उतरतं. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. थंडीत जो डोस नेमका बसला होता, तो मेमध्ये जास्त होऊ शकतो. वडिलांच्या स्ट्रिपवर नावापुढे ‘एच’ असेल, तर ती हीच. क्लोरथॅलिडोन असलेल्या गोळ्यांचंही तसंच.

बंद केल्यावर बरं वाटलं, यावर विसंबू नका. टेल्मिसार्टनचा अंमल एका दिवसात जात नाही. बीपी काही दिवसांत हळूहळू चढतं आणि चढलेलं बहुतेकांना जाणवत नाही. त्यामुळे मोजूनच ठरवावं लागतं.

आधी बसून मोजा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, आणि हात छातीच्या पातळीत टेकवलेला. सदऱ्याच्या बाहीवर गुंडाळलेला किंवा जाड दंडाला लहान पडणारा पट्टा आकडा फुगवतो. मग उभं करून १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. धरायला कुणी तरी शेजारी असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला, तर अंधारीचं कारण सापडलं.

याशिवाय ७ दिवस सकाळी गोळीच्या वेळेआधी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेलं १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते जास्तच. मात्र वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका. गोळी बंद आहे, हे आजच फोन करून डॉक्टरांना सांगा. ते बहुधा उन्हाळ्यापुरता डोस कमी करतील किंवा ‘एच’वाला भाग काढतील. रक्तातलं सोडियमही तपासायला सांगतील, कारण या गोळीनं ते उतरलं तर वयस्कर माणूस मलूल होतो, बरळतो, तोल जातो. अशा वेळी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जुलाब-उलट्या सुरू असतील, पाणीही टिकत नसेल, तर टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही काही काळ थांबवाव्या लागतात, नाहीतर किडनीवर ताण येतो. तेव्हाही डॉक्टरांना विचारून, आणि खाणंपिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा सुरू. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन घेणाऱ्यांनी मात्र मनानं एकदम बंद करू नये. त्यांचा उलटा फटका बसतो, बीपी एकदम उसळतं.

घामाच्या नावाखाली रोज ओआरएस पिऊ नका. लिटरभर पाण्याच्या एका पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय सोडियमचा दुसरा क्षार आणि पोटॅशियम क्लोराइड. ते जुलाबांचं औषध आहे. रोजच्यासाठी साधं पाणी आणि पातळ, बिनमिठाचं ताक पुरे. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आणि आपल्याकडे बिबडे-पापडांचे ढीग पडतात तेही नेमके याच दिवसांत! त्यांतलं मीठ आणि पापडखार दोन्ही सोडियमच.

प्रश्न : रावेरला आमची केळीची बाग आहे. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर कुणीतरी केळी बंद करायला सांगितली. खरंच सोडायची?

उत्तर : किडनी ठणठणीत असेल तर दिवसाला एक-दोन केळ्यांनी बिघडत नाही. टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात राखून ठेवतं, म्हणून ते रक्तात फार वाढेल ही भीती. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. खरा धोका असतो किडनी अधू असलेल्यांना आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम राखून ठेवणारी लघवीची गोळी) घेणाऱ्यांना. त्यांनी केळी, शहाळं, डाळींब यांचं प्रमाण विचारूनच ठरवावं.

केळ्यापेक्षा ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट जास्त सांभाळा. त्यात मिठाचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि बीपीला चांगलं म्हणून तेच घरात येतं. पाकिटामागचे घटक वाचा. गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासलं होतं का, ते फायलीत पाहा. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा ही तपासणी हवी. पोटॅशियम ५.५ च्या वर दिसलं तर रिपोर्ट त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आई धुळ्याला असते. अम्लोडिपिन ५ चं १० केल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात, जोडवी रुततात. मेडिकलवाल्यानं लघवीची गोळी दिली, फरक नाही.

उत्तर : पडणारच नाही. ही सूज अंगात पाणी साठल्याची नाही. अम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, शिरा तितक्या सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी घोट्याशी झिरपतं. दिवसभर उभं राहिलं की वाढतं, रात्री पाय वर राहिले की सकाळी ओसरतं, आणि १० मिलिग्रॅमवर जास्त दिसतं. उपाय म्हणजे डोस पुन्हा ५ करणं किंवा टेल्मिसार्टनची जोड देणं. त्या जोडीनं सूजही कमी होते. हिरड्या फुगल्या असतील तर तेही याच गोळीचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. पण सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या.

प्रश्न : कापूस वेचणीत गुडघे धरतात. बीपीच्या गोळीवर दुखण्याची गोळी चालते का?

उत्तर : डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक मनानं नको. त्यांनी बीपी चढतं. त्यातून टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असेल, तर तिन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि उन्हात पाणी कमी पडलेल्या माणसाला ते फार लवकर भोवतं. लिव्हरचा त्रास नसेल आणि दारू नसेल, तर थोड्या दिवसांसाठी पॅरासिटामॉल ५०० बरं. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉल टाळा, तिच्यात सोडियम भरपूर असतं. दुकानात गोळी मागताना ‘बीपीची चालू आहे’ हे आधी सांगा.

प्रश्न : गोळी विसरली तर? आणि आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवल्या तर?

उत्तर : त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. अम्लोडिपिन डबीत चालेल. टेल्मिसार्टन ओल धरतं, म्हणून घ्यायच्या क्षणीच पाकिटातून फोडा, डबीत ठेवायचंच तर स्ट्रिपचा तुकडा कापून ठेवा. पत्र्याच्या घरात स्ट्रिप पत्र्यालगतच्या फळीवर नको, खाली, सावलीत ठेवा.

प्रश्न : वय ३१, शहादा. टेल्मिसार्टन दीड वर्ष चालू आहे. आम्ही आता मूल होऊ द्यायचं ठरवलं आहे.

उत्तर : मग आधी गोळी बदलून घ्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या सगळ्या गरोदरपणात वर्ज्य. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे बाळाच्या किडनीला इजा होते आणि गर्भजल कमी होतं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी एखादी गोळी बसवता येते. पाळी आधीच चुकली असेल तर आजच डॉक्टरांना गाठा आणि टेल्मिसार्टनच्या जागी काय, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.