वडिलांचा एक डोळा गेलाय, कडबाकुट्टीत हाताची दोन बोटं तुटलीत. एजंट आठ हजारांत 60 टक्क्यांचा दिव्यांगत्वाचा दाखला करून देतो म्हणतो. द्यावेत का पैसे?

देऊ नका.

खरं तर उत्तर इथेच संपलं. पण प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय, "टक्के जास्त पडले की संजय गांधीचा पगारही जास्त बसतो असं ऐकलंय", त्यानं माझं डोकं फिरलं. तहसीलच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यापासून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे हेच सांगतात, आणि याच वाक्यावर एजंटांची दुकानं चालतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये आहेत, त्याआधी 1,500 होते. 40 टक्केवाल्याला 2,500 आणि 75 टक्केवाल्यालाही 2,500. ऐंशी टक्के किंवा जास्त असतील आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग योजनेचे 300 रुपये लागू होतात, पण ते धरूनच राज्य आपली रक्कम भरतं. थोडक्यात, तुम्हाला 40 हा उंबरा ओलांडायचाय. पुढचे वीस टक्के विकत घेऊन काय करणार? वर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 खाली खोट्या दाखल्यावर लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वडिलांना भोगावं लागेल, एजंटाला नाही.

आता वडिलांचा हिशोब. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला, म्हणजे डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या मापात 6/18 किंवा त्याहून बरा, तर नियमाप्रमाणे 30 टक्के. नुसत्या डोळ्यावर दाखला मागितला तर इथेच अडकाल. हाताचे टक्के डॉक्टर बोटांचं माप, सांध्यांची हालचाल आणि पकड बघून ठरवतात. अंगठा गेलाय की करंगळी, यानं खूप फरक पडतो. समजा हाताचे 20 निघाले. लोक बोटांवर मोजतात, 30 अधिक 20, झाले 50. तसं होत नाही. मोठ्या आकड्याला अ म्हणा, लहानाला ब. ब ला 90 वजा अ ने गुणायचं, 90 ने भागायचं आणि जे येईल ते अ मध्ये मिळवायचं. इथे 20 गुणिले 60 भागिले 90, म्हणजे 13.33. एकूण 43 च्या आसपास. काम झालं. पण हाताचे 10 च निघाले तर 30 अधिक 6.67, म्हणजे 37 सुद्धा नाही. बोटांवरच्या हिशोबात हेच बरोब्बर 40 होतात, म्हणून माणूस डॉक्टरांनी पैशासाठी अडवलं अशी ओरड करत बाहेर येतो आणि थेट एजंटाच्या हाती लागतो.

म्हणून सगळा खेळ अर्जातल्या एका खुणेवर आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा प्रकार विचारतात. तिथे नुसतं 'दृष्टी' किंवा नुसतं 'अस्थिव्यंग' निवडू नका, एकाहून अधिक दिव्यांगत्वाचा पर्याय घ्या. एकच निवडलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतच नाहीत, आणि 30 चा दाखला हातात पडतो. त्यावर पांढरं कार्ड येतं. कार्ड आलं म्हणून घरात पेढे वाटले जातात, आणि पांढरं म्हणजे चाळिसाच्या आत हे तहसीलमध्ये गेल्यावर कळतं. तुम्हाला हवंय पिवळं, 40 पासून ऐंशीच्या आतलं. निळं ऐंशी आणि त्यापुढचं.

नाव आधारवर आहे त्याच स्पेलिंगनं भरा. मोबाइल नंबर घरातला द्या. एजंट स्वतःचा टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढे कार्ड डाउनलोड करायलाही त्याचेच पाय धरावे लागतात. दवाखाना निवडताना आपल्या जिल्ह्यातला घ्या, बहुधा सिव्हिलच, आणि नोंदणी क्रमांकाची पावती छापून ठेवा.

तपासणीचे वार ठरलेले असतात. तुम्हाला डोळ्यांचे आणि हाडांचे असे दोन्ही डॉक्टर लागणार, तेव्हा दोघं एकाच दिवशी असतात का हे आधी विचारून जा. हाताचा एक्स-रे, अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांचे जुने कागद, सगळं मूळ आणि झेरॉक्स. वडील चष्मा वापरत असतील तर तो हवाच, कारण नजर चष्मा लावून मोजतात. आणि कृपा करून त्यांना नाटक शिकवू नका. हात थरथरवायचा, चाचपडत चालायचं, असले धडे देणारे प्रत्येक गावात आहेत. डॉक्टर ते दिवसातून वीसदा बघतात आणि खऱ्या माणसाकडेही संशयानं बघायला लागतात. कोणत्या हातानं काम करायचे, आता काय जमत नाही, एवढं सरळ सांगावं.

हाताची जखम अलीकडची असेल आणि उपचार चालू असतील तर थोडं थांबा, नाहीतर मुदतीचा तात्पुरता दाखला मिळतो आणि पुन्हा सगळं करावं लागतं. दाखला नाकारला तर कारण लेखी मागा. टक्के पटले नाहीत तर 90 दिवसांत अपील करता येतं, हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. आठ हजार मोजण्यापेक्षा हा कागद लिहा.

कार्ड हातात आल्यावरच उत्पन्नाच्या दाखल्याकडे वळा. लोक उलटं करतात. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो. जानेवारीत काढला आणि यूडीआयडीला तीन महिने लागले (2024 च्या सुधारित नियमांत तेवढी मुदत आहे), तर तो वाया. दिव्यांगांसाठी मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे. 21,000 ची मर्यादा विधवा, निराधार वगैरे इतरांसाठी. सेतूवाला 21,000 म्हणून परत पाठवत असेल तर त्याला शासन निर्णय वाचायला सांगा. शिवाय 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार आणि पासबुक. अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत द्यायचा आणि पोच घ्यायचीच. तलाठ्याची चौकशी होते (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, बोलताना तलाठीच).

पैसे कधी सुरू होतील, हे तुम्ही विचारलंय. ते अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीच्या बैठकीवर आहे, आणि बैठक कधी होईल हे एजंटाच्याही हातात नसतं, तो काहीही म्हणो.

मंजुरीनंतरही एका गोष्टीत बरेच जण फसतात. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि ते खातं म्हणजे तुम्ही अर्जात लिहिलेलंच असेल असं नाही. आधारशी सगळ्यात शेवटी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात घेण्यासाठी, जोडलेल्या बँकेत ती जाते. सिमकार्ड घेताना कुणी वडिलांचं पेमेंट बँकेत खातं उघडून दिलं असेल तर पगार गुपचूप तिकडे जमा होत राहतो आणि घरचे तहसीलला शिव्या घालतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, दिसते, अर्जाआधीच बघून घ्या. मग दरवर्षी हयातीचा दाखला, तो चुकला की पगार बंद.

हे सगळं वडील 65 च्या आत आहेत असं धरून लिहिलंय. पुढे असतील तर ज्येष्ठांसाठीची श्रावणबाळ योजना बघा. आणि दुसऱ्या डोळ्याचीही नजर 6/18 पेक्षा कमी असेल तर वरचा 30 चा आकडा विसरा, टक्के बरेच वाढतील. मोतीबिंदू असेल तर मात्र आधी शस्त्रक्रिया. दिसायला लागत असेल तर टक्क्यांसाठी मोतीबिंदू राखून ठेवणारेही पाहिलेत, त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत.

जाता जाता, ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. पिवळ्या कार्डाची झेरॉक्स लावून तिथेही अर्ज टाका. एसटीत 75 टक्के सवलत आहेच.