वर्धा रोडवर गाडी स्लिप होऊन हातावर पडलो. एक्स-रे नॉर्मल, तरी अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. हाड मोडलं असेल का?

हो, असू शकतं. मनगटात 8 छोटी हाडं असतात. तळहातावर पडलं की त्यांतलं स्कॅफॉइड सगळ्यात जास्त वेळा मोडतं, आणि बारीक तडा पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. अंगठा ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला खळगा पडेल. तिथे दाबून कळ आली तर ऑर्थोपेडिककडे परत जा. 10-14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे, नाहीतर आधीच एमआरआय सांगतील. तोवर मनगट हलू द्यायचं नाही, तेल चोळणं तर नाहीच! मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सांगतो: या हाडाला बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं, त्यामुळे कोपराकडचा तुकडा जुळायला कटकट करतो. अर्थात खळग्यात दुखलं म्हणजे मोडलंच असं नाही, नुसतं मुरगळलं तरी तिथे दुखतं.