डबा गेला, पावडर गेली

प्रिय मुला,

बरणीचा फोटो मिळाला. काडतुसात भरायच्या बंदुकीच्या पावडरीची काचेची बरणी, तिच्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं ‘४८३१’. खाली तुझा प्रश्न: ‘काका, आजोबांनी प्रेमाने दिलीय. पुस्तकातल्यापेक्षा थोडी कमी भरून सुरुवात केली तर चालेल ना?’

नाही चालणार. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण तू भिडस्त आहेस, आणि भिडस्त माणसाला शिकारीच्या कॅम्पात वडीलधाऱ्यांना ‘नको’ म्हणता येत नाही. म्हणून ही पानं.

आधी त्या आकड्याचं बघ. मूळची ४८३१ ही २० मिलिमीटरच्या तोफेसाठी बनलेली पावडर. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या सरकारकडे पावडरीचे डोंगर उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेतली आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. ४८९५चंही तेच, फक्त ती गरँड रायफलच्या .३०-०६ काडतुसांसाठीची. या देशात आपला छंद वाढला तो बराचसा या उरलेल्या मालावर. पुढे तो साठा आटला आणि नव्याने बनवलेल्या पावडरी आल्या: हॉजडनची एच ४८३१ आणि ड्यूपाँटची आयएमआर ४८३१. आकडा तोच, पण आयएमआर लवकर जळते आणि एच सावकाश. एचच्या तक्त्यातलं कमाल वजन बघून आयएमआर भरलीस तर दाब मर्यादेच्या वर गेलाच म्हणून समज. त्यात आता ही दोन्ही नावं एकाच कंपनीकडे आहेत. आणि आजोबांचं वय बघता बरणीत युद्धातला मूळ मालही असू शकतो. तीन पावडरी, आकडा एक. यातली बरणीत कोणती आहे?

तुला माहीत नाही. मलाही नाही. बहुधा आजोबांनाही नाही.

तू म्हणतोस, कमी भरतो. कशापेक्षा कमी? पुस्तकातल्या कमाल वजनापेक्षा दहा टक्के खाली सुरुवात करायची आणि थोडं थोडं वर चढायचं, हा नियम मीच तुला शिकवला. पण तो ओळख असलेल्या पावडरीचा नियम आहे. .३०-०६मध्ये सावकाश जळणारी पावडर पन्नास ग्रेनच्या (पावडर तोलायचं बारीक वजन) पुढे जाते. पिस्तुलाच्या जलद पावडरीचं माप पाच-सहा ग्रेनवर भागतं. समजा कुणीतरी कधीतरी त्या बरणीत उरलीसुरली पिस्तुलाची पावडर ओतली असेल. मग तुझे ते दहा टक्के तुझ्या डोळ्यांना वाचवणार नाहीत.

म्हणून परत सांगतो: डबा गेला, पावडर गेली. पावडर समोर दिसत असली तरी गेली.

डोळ्यांनी ओळखणारे तुला कॅम्पात भेटतील. चिमूटभर तळहातावर घेतील, बोटाने पसरतील आणि छातीठोकपणे नाव सांगतील. आखूड काळपट काड्या डझनभर पावडरींच्या असतात. बॉल पावडरीचे करडे गोळे तर सगळे एकाच आईची लेकरं. जळण्याचा वेग ठरतो तो दाण्याच्या आकारावर, त्यातल्या छिद्रावर आणि वरच्या रासायनिक लेपावर, आणि तो लेप कुणाच्या बापाला दिसत नाही. काही जण वास घेतात. वास घ्यावा, जरूर घ्यावा. आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला, झाकणाच्या आत गंज दिसला किंवा तांबूस वाफ निघाली, तर पावडर सडायला लागली. पण वास चांगला आला तर एवढंच कळतं की ती सडलेली नाही. ती कोणती हे कळत नाही.

आता सरप्लसचं, म्हणजे लष्कराकडून उरून आलेल्या मालाचं, खरं दुखणं ऐक, कारण स्वस्त मिळते म्हणून तू आज ना उद्या घेणारच. दुकानात एक पौंडाच्या डब्यात जी पावडर मिळते, तिचे लॉट, म्हणजे एकेका वेळी बनलेला माल, कारखान्यात एकमेकांत मिसळून वेग जुळवलेला असतो. म्हणून या वर्षीचा डबा आणि पाच वर्षांपूर्वीचा डबा एकाच तक्त्यावर चालतात. काडतुसांच्या कारखान्यांना आणि लष्कराला ठोक जाणाऱ्या पावडरीला हे लाड नाहीत. त्यांच्याकडे दाब मोजायची नळी असते. लॉट आला की चाचणी घेतात आणि त्या लॉटपुरतं वजन ठरवतात. तुझ्याकडे ती नळी नाही. डब्ल्यूसी ८४४ ही ५.५६ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची पावडर आणि डब्ल्यूसी ८४६ ही ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाची, हे बरोबर. पण एवढ्यावर वजन ठरत नाही. डब्ल्यूसी ८५२ तर लॉटगणिक इतकी बदलते की विकणारेच तिला जलद आणि सावकाश अशी वेगळी काढून देतात. सरप्लसच्या पिंपावरचा लॉट नंबर आणि सोबतचा कागद म्हणजे त्या पावडरीचं कूळ-गोत्र. जुनी काडतुसं फोडून काढलेली पावडर असेल तर आणखी जपून.

म्हणजे दुकानच्या पावडरीचा डबा हरवला तर एक वाईट आणि सरप्लसचा हरवला तर शंभरपट वाईट. कळतंय ना मी एकाच गोष्टीवर का अडून बसलोय? औषधाच्या बाटलीवरचा कागद निघाला तर तू ती गोळी मुलाला देशील का?

माझ्या या अडून बसण्याची किंमत मी मोजली आहे, तीही ऐकून ठेव. एक जुना सोबती होता. ज्याच्या मचाणावर मी पहिलं हरीण पाडलं, तो. त्याने एकदा कॉफीच्या डब्यात पावडर आणली, मोसमाची भेट म्हणून. मी घेतली नाही. कारण सांगितलं, तेही सगळ्यांसमोर, कारण डबा सगळ्यांसमोरच पुढे आला होता. तो काही बोलला नाही, ट्रककडे गेला. त्यानंतर आमचं बोलणं हवा-पाण्यापुरतं उरलं. मग तो लेकीकडे राहायला गेला, आणि पुढे बातमीच आली. लोक म्हणाले, एवढं काय होतं, घ्यायचा डबा आणि घरी नेऊन टाकून द्यायचा. पण मी मुकाट घेतला असता तर तसलाच दुसरा डबा त्याने पुढच्या पोराला दिला असता, आणि तो पोर तुझ्यासारखा भिडस्त निघाला असता. मला वाईट वाटतं. चुकलो असं वाटत नाही. कॅम्पात मला कारकून म्हणतात. म्हणू देत. कारकुनाची दहाही बोटं जागेवर आहेत.

तुझं प्रकरण इतकं चिघळायचं कारण नाही. आजोबांना फोन कर आणि सरळ विचार: ही ज्या पिंपातून काढली ते पिंप अजून आहे का? बरेचदा असतं, गॅरेजच्या कोपऱ्यात. पावडरीच्या पार्सलवर धोकादायक मालाचा वेगळा आकार बसतो, म्हणून ही मंडळी मिळून मोठा डबा मागवतात आणि वाटून घेतात. बिननावाच्या बरण्या जन्मतात त्या या वाटणीतच. पिंप असेल, लॉट नंबर वाचता येत असेल आणि त्यांनी त्यात दुसरं काही ओतलेलं नसेल, तर त्यांच्या घरी जा आणि तिथेच त्यांच्याबरोबर भर. दोन तास बसशील, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून १९७०च्या दशकातल्या बर्फापर्यंत सगळं ऐकशील. म्हाताऱ्याला पावडर द्यायची होती की तुझ्याबरोबर बसायचं होतं, ते तुला तिथे कळेल. पिंप नसेल तर त्यांच्याच अंगणात ती मातीत पातळ विस्कटून टाका. रागावले तर माझं नाव सांग. तसंही माझं नाव खराबच आहे.

तुझ्या घरचंही बोलू. पावडर मूळ डब्यातच ठेव. अग्निसुरक्षेचे अमेरिकी नियमही घरात २० पौंडांपर्यंत ठेवू देतात ते मूळ डब्यांत, त्यावर गेलास तर एक इंच जाडीची लाकडी पेटी लागते. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की हॉपर, म्हणजे माप टाकणाऱ्या यंत्रावरचं पावडरीचं भांडं, रिकामा करून पावडर त्याच डब्यात परत. मागच्या वेळी तुझ्या हॉपरमध्ये चार बोटं पावडर तशीच होती आणि तू म्हणालास, ‘बहुतेक ४८९५ आहे.’ बहुतेक! ती मी तुझ्यासमोर फेकून दिली तेव्हा तुझं तोंड उतरलं होतं. उतरू दे. हॉपर म्हणजे झाकण असलेली बिननावाची बरणीच. पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) भरून झाल्या की ठोकळ्यात उभ्या ठेव आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत वाकून बघ. पातळी सगळीकडे सारखी हवी. एखादी रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या, जोरावर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरा बार काढलास की नळी फुटते. भरलेल्या खोक्यावर चिठ्ठी: पावडर, लॉट, वजन, गोळी, प्रायमर, तारीख.

आणि कॅम्पात कुणी आपली भरलेली काडतुसं देऊ केली तर हाच जबाब. घ्यायची नाहीत, द्यायचीही नाहीत. ती त्याच्या रायफलीच्या मापाने भरलेली असतात.

पेनसिल्व्हेनियात आता रायफलने हरीण मारायचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. २०१९च्या आधी सोमवार असायचा, जुनी मंडळी अजून त्यावर कुरकुरतात, तू मान डोलाव. मी शुक्रवारी दुपारी पोचतो. नारिंगी जाकीट आणि टोपी विसरू नकोस. काट्याबरोबर आलेलं तपासणीचं वजन सापडत नाही म्हणाला होतास, ते आधी शोध नाहीतर नवीन घे. तोवर काटा बंद ठेव.

तुझा,
काका