ऑटोपायलट लावल्यावर पायलट करतात काय?
तुम्ही विचारलंय की ऑटोपायलट लावला की पुढचे आठ-दहा तास पायलट कॉकपिटमध्ये करतात काय. मी लांब पल्ल्याच्या विमानांवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, म्हणून सांगते.

ऑटोपायलट विमानाला आखलेल्या मार्गावर आणि ठरलेल्या उंचीवर ठेवतो, तेवढंच. पुढे गडगडाटी ढग आहेत का, इंधन पुरेल का, हे आम्हालाच बघावं लागतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम इंधनाचा हिशेब. वाटेतला वेपॉइंट, म्हणजे मार्गावरचा ठरलेला बिंदू, आला की वेळ आणि उरलेलं इंधन फ्लाइट प्लॅनमधल्या आकड्यांशी ताडून बघायचं. समजा, प्लॅननुसार 42.6 टन असायला हवं आणि आहे 42.1, तर अर्धा टन गेलं कुठे? समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा आहे, मागितलेली उंची मिळाली नाही, की गळती आहे? कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पडूही नये. 24 ऑगस्ट 2001 रोजी एअर ट्रान्सॅट या विमान कंपनीचं एअरबस ए330 विमान अटलांटिकवर असताना उजव्या इंजिनाजवळ इंधन गळू लागलं. दोन्ही बाजूंच्या इंधनातला फरक पायलटांना दिसला, पण गळती वेळेत ओळखली गेली नाही. क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा व्हॉल्व्ह, उघडल्यामुळे चांगल्या बाजूचं इंधनही त्याच वाटेने गेलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. सुमारे 19 मिनिटं ग्लाइड करत त्यांनी विमान अझोर बेटांवर उतरवलं. विमानातले सगळे, 306 जण, वाचले.

दुसरं म्हणजे, आत्ता एक इंजिन बंद पडलं किंवा एखाद्या प्रवाशाला हार्ट अटॅक आला तर कुठे उतरायचं, हे कायम ठरलेलं लागतं. विमान पुढे सरकतं तसं हे उत्तर बदलतं, म्हणून आसपासच्या विमानतळांचं हवामान सारखं मागवत राहायचं. शिवाय जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरशी बोलणं असतं, आणि इंधन जळून विमान हलकं झालं की आणखी वर चढायची परवानगी मागायची.

मधल्या वेळात जेवण होतं, कॅप्टनशी गप्पाही होतात. गप्पांचा फायदा असा की पहाटे तीन-चारला, झोप अनावर होते तेव्हा, दोघं एकमेकांना जागं ठेवतात. फार लांबच्या फ्लाइटवर तीन किंवा चार पायलट असतात, त्यामुळे आळीपाळीने बंकमध्ये खरीखुरी झोप मिळते. उठून आलेल्या पायलटला आधी सगळं नीट सांगायचं: इंधन किती, पुढे हवामान कसं, गरज पडली तर कुठे वळायचं. मगच आपण सीट सोडायची.