वाचकांचे प्रश्न : रेडवूडच्या जंगलात पुन्हा कुऱ्हाड कशाला?

प्रश्न : कॅलिफोर्नियाच्या रेडवूड राष्ट्रीय उद्यानात जंगल वाचवण्यासाठी झाडे तोडतात म्हणे. तोडलेल्या रेडवूडला आपोआप फुटवा येतो ना?

उत्तर : येतो, आणि भरघोस येतो. सागासारखेच खुंटाभोवती कडे करून धुमारे निघतात. घोळ पुढे होतो. १९७८ मध्ये उद्यानात ४८,००० एकर जमीन आली, तिच्यातला बराच भाग आधीच सपाट तोडलेला होता. लाकूड कंपन्यांनी तिथे विमानातून डग्लस फर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे बी फेकले होते. आता काही ठिकाणी एकरी हजाराहून जास्त काटकुळी खोडे उभी आहेत. उजेड नाही, खाली झुडूप नाही. असे रान आपणहून विरळ व्हायला कित्येक दशके जातात. म्हणून विरळणी: मुख्यतः फर काढायचे, जोमदार रेडवूड ठेवायचे. एकदम फार मोकळे केले, तर उरलेली बारीक खोडे वाऱ्याने पडतात. शिवाय मोकळ्यावर जोमाने वाढणाऱ्या झाडांची साल काळी अस्वले वसंतात सोलून आतला गोड थर खातात. साल सगळीकडून गेली की वरचा भाग वाळतो.

आमच्या मते विरळणीहून निकडीचे काम जुन्या लाकूडवाहतुकीच्या रस्त्यांचे. ओढ्यावरची मोरी पालापाचोळ्याने तुंबते, पावसाळ्यात पाणी भरावावरून जाते आणि सगळी माती सॅमन माशांच्या अंडी घालण्याच्या खडीवर बसते. त्यामुळे एक्सकॅव्हेटरने भराव उपसून, मोरी काढून, ओढ्याचा मूळ तळ आणि उतार मोकळा करतात. पुरलेली जुनी वरची माती सापडली, तर ती पुन्हा वर पसरतात.