मुलगी तिसरीत आहे. तोंडी सगळं सांगते, पण लिहायला बसली की गोंधळ. शाळा ‘स्पेशल स्कूल बघा’ म्हणते. नवी मुंबईत काय करावं?

लगेच शाळा बदलू नका. अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळावाले बऱ्याचदा एकाच सुपात पाखडतात. अध्ययन अक्षमतेत बुद्धी साधारण किंवा त्याहून चांगली असते. अडतं ते वाचन, लेखन किंवा गणितात. मराठीत ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’, वेलांट्या उलटसुलट, आणि फळ्यावरून उतरवताना अर्धी ओळ गायब. वही नीट बघा, असंच सतत दिसतंय का?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. (हे हमखास राहून जातं.) मग बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक व वाचन-लेखनाच्या चाचण्या. वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र (दिव्यांग मुलांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) आहे, तिथे चौकशी करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही मोडते. केंद्राच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावरच मिळतात.

खरं काम मात्र स्पेशल एज्युकेटरचं, म्हणजे अशा मुलांना त्यांच्या पद्धतीने शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाचं. आठवड्यातून दोन-तीनदा, नेहमीची शाळा चालू ठेवून. ‘सहा महिन्यांत बरं करतो’ म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. हा आजार नाही. आणि घरी तेच पान दहादा लिहून घेत असाल तर आजच थांबवा.