पोटरी भरून येते, पॅकेज घेऊ का?

प्रश्न : मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो, वय ६७. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात रक्तवाहिन्यांच्या तपासणीचं शिबिर आहे. मानेचा डॉपलर, ईसीजी, टू-डी इको असं मिळून माणशी साडेचार हजार. मुलगा म्हणतो, दोघांचंही करून टाका. पूर्वी बिडी ओढायचो, आठ वर्षांपूर्वी सोडली. तब्येत ठणठणीत, फक्त मंडईचा चढ चढताना उजवी पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की उतरते. वयाचंच असेल. मंडळींना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तक्रार नाही. पैसे घालावेत का?
– एक वाचक, कराड

उत्तर : पॅकेजचं नंतर बघू, आधी पोटरी. शिबिरातली तपासणी असते ती काही होत नसलेल्या माणसासाठी. तुम्हाला होतंय. जन्मभर उभ्यानं नोकरी केलीत म्हणून शिरा फुगल्या असतील, असं कुणीतरी सांगेलच. पण ते दुखणं उभं राहिल्यानं वाढतं. मणक्याचं असेल तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं. चालताना येणारं आणि नुसतं थांबल्यावर जाणारं दुखणं, त्यात बिडीचा इतिहास, म्हणजे पायाची धमनी अरुंद झाल्याचा संशय आधी घ्यायचा.

तो पडताळणारी तपासणी तुमच्या यादीत नाहीच. तिला एबीआय म्हणतात. पाच-दहा मिनिटं उताणं पडून राहायचं. दोन्ही दंडांना आणि घोट्यांच्या वर बीपीचा पट्टा बांधतात, जेल लावून पेनासारखा छोटा डॉपलर टेकवतात आणि नाडीचा फस्‌ फस्‌ आवाज ऐकत दाब मोजतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं, झालं. दंडात १४० आणि घोट्यात ९८ आला तर ०.७. आकडा ०.९ किंवा त्याखाली आला की पायाची धमनी अरुंद आहे. मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन तो कधीकधी १.४ च्या वर जातो, मग पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

आकडा कमी आला तर घाबरून लगेच स्टेंटच्या मागे लागू नका. पायात जे झालंय ते हृदयात आणि मेंदूतही चालू असण्याची शक्यता मोठी, म्हणून कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टर सुरू करतील. आणि चालायचं: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. कंटाळवाणं आहे, पण पुष्कळांचं चालण्याचं अंतर वाढतं. मात्र रात्री पडल्या-पडल्या पाऊल ठणकू लागलं किंवा बोटाची जखम भरेना, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

तुमच्यासाठी आणखी एक : पोटाची सोनोग्राफी, एकदाच. कधीही धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांना ती सुचवतात. ब्रिटनमध्ये तर पासष्टीला सगळ्याच पुरुषांना बोलावतात. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयाकडून येणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, ३ सेंटिमीटर किंवा जास्त फुगली असेल तर लक्ष ठेवायचं, ५.५ च्या आसपास गेली की शस्त्रक्रियेचा विचार. फुटेपर्यंत ती बहुधा काहीच कळू देत नाही. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी करणार असाल तर त्याच वेळी महाधमनीही मोजायला सांगा.

जास्त तपासण्या म्हणजे जास्त फायदा, असं मात्र नाही. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या पुरुषांवर दोन मोठे अभ्यास झाले. पहिल्यात पोटाची सोनोग्राफी, घोट्याचा दाब आणि रक्तदाब एवढंच तपासलं, त्यात मृत्यू थोडे कमी झाले (२०१७). सीटी स्कॅन वगैरे जोडलेल्या दुसऱ्यात (२०२२) एकूण मृत्यूंतला फरक ठाम म्हणण्याइतका निघाला नाही.

वहिनींचे साडेचार हजार वाचवा. मानेचा डॉपलर म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांची सोनोग्राफी. तक्रार नसताना तो करू नये, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. थोडं काही दिसलं की पुढच्या तपासण्या, कदाचित शस्त्रक्रिया. आणि त्या शस्त्रक्रियेतच पक्षाघाताचा थोडा धोका असतो. त्यांचा बीपी गोळीने खरंच आटोक्यात आहे का हे घरी मोजा, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. मिसरी लावतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लावत असतील तर तीही तंबाखूच.